पकलेला हात

१२ नोव्हेंबर

ही डायरी ट्रॅक्टर कंपनीची आहे, मागच्या सालची. गल्ल्याखाली पडून होती. मालकाला मागितली तर म्हणाला, "घेऊन जाय. तुले लिहिता येते का पण?" सातवीपर्यंत शिकलो आहे मी. छापलेले वार जुळत नाहीत म्हणून खोडतो, तारीख तेवढी ठेवतो.

दुपारी तीन ते साडेपाच भट्टी झाकलेली असते. तेवढा वेळ माझा. बाकीचे पोट्टे मोबाईल घेऊन खोलीत लोळतात. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसतो. खाली कामठी रोड. सगळे कुठं ना कुठं जाऊन राहिले असतात. मला एका जागी बसवत नाही, पण जायचं कुठं तेही सुचत नाही. गाव कुरखेड्याच्या पुढं आहे, इथून अख्ख्या दिवसाचा रस्ता. सोडून पाच वर्षं झाली. आधी हिंगण्याला कारखान्यात, मग कळमन्याच्या बाजारात संत्र्याची पोती उचलली, मग हा ढाबा. तंदूरवर दोन वर्षं टिकलो, हेच लय झालं.

टिकलो कारण इथं लोक मला नावानं ओळखतात. बाकीचे कारागीर कापडाच्या गोल गादीवर रोटी ठेवून भट्टीच्या भिंतीला चिकटवतात. मी नुसत्या हातानं. कोपरापर्यंत हात आत घालतो आणि सावकाश काढतो. घाई नाही.

१९ नोव्हेंबर

आज छिंदवाड्याकडच्या गाडीतले लोक भट्टीपाशी येऊन व्हिडिओ काढत होते. एक बाई म्हणाली, "भैया, जलता नहीं क्या?" माझ्याआधी ताराचंद उस्तादच बोलले. उस्ताद कामठीचे, तीस वर्षं तंदूरवर आहेत, मला त्यांनीच शिकवलं. म्हणाले, "नये आदमी का हाथ जलता है, मॅडम. इसका पक गया है."

उस्तादांचं म्हणणं असं, की सहा महिने हात भाजतो, मग पकतो. एकदा पकला की आगीला तो माणूस ओळखीचा होतो. माझा इतका पकला की उस्ताद स्वतः गादी वापरतात आणि मी नाही. हे ते गिऱ्हाइकांना सांगतात तेव्हा मला बरं वाटतं. दिवसभरात माझ्याविषयी कोणी बोललं तर तेवढंच.

उजव्या हातावर, कोपराच्या खाली, फिकट चट्टा आहे. बऱ्याच दिवसांचा. खाजत नाही, काही नाही. मेडिकलवाल्यानं गजकर्णाचं मलम दिलं. दुसरी ट्यूब संपली. गेला नाही.

३ डिसेंबर

कणकेच्या गोळ्यावर लाल दिसलं. मला वाटलं तिखट सांडलं. मग पाहिलं तर माझ्याच हाताचं. करंगळीच्या खालची कड फुटली होती, आत फोड होता, कधी आला कळलंच नाही. उस्तादांनी हळद लावून चिंधी बांधली. "पाह्य गा, याले म्हणतात हात. फुटला तरी ज्याचा हाय त्याले पत्ता नाही."

सगळे हसले. मीपण.

गोळा फेकून दिला.

२६ डिसेंबर

दिपालीचा फोन आला होता. माझी लहान बहीण, एकोणीसची. गावात शिवणकाम करते. म्हणाली, देसाईगंजचे पाहुणे येऊन गेले, पोरगा लाईनमन आहे, होळीपर्यंत पक्कं होईन.

"तू येशीन ना गा दादा?"

"सुट्टी भेटली तं."

"पाच सालापासून तुले सुट्टीच नाही भेटून राहिली."

मग तिनं विचारलं, तिकडं जेवण कोणासंग करते? मी म्हटलं सगळ्यांसंग. खरं तर मी सगळ्यांच्या नंतर जेवतो, भट्टीमुळे. सांगून काय करू.

थंडी आहे. शर्टाचं वरचं बटण उजव्या हातानं लागत नाही. करंगळी सरळच होत नाही, शेजारचं बोटपण तिच्यासोबत वाकून राहते. आमच्या नत्थूकाकाची बोटं अशी आहेत, सगळीच. काकानं लग्न केलं नाही, शेतातल्या झोपडीतच राहतो. लहानपणी मी धानाच्या राखणीला त्याच्याजवळच झोपायचो, एका वाकळीत, सहा-सात वर्षं. लय गोष्टी सांगायचा. त्याची बोटं म्हातारपणानं वाकली असं माय म्हणते. माझी थंडीनं वाकली असतील.

३१ जानेवारी

आज सरकारी मोहीमवाल्या इंदुताई आल्या. आशा सेविका आहेत, मागच्या वस्तीत राहतात. निळी पिशवी, हातात यादी. घरोघरी, दुकानोदुकानी अंगावरचे चट्टे पाहतात. गड्यांना पाहायला गडी माणूस येणार होता, तो आला नाही.

"मंग मीच पाहीन. शर्ट नोको काढू, बाह्या वर कर."

"माया हात चांगला आहे, ताई."

"चांगला असन तं दाखवाले काहून लाजते गा? नवरदेव पाहाले आली का मी?"

पोट्टे हसायला लागले म्हणून दाखवला. ताईंनी चट्टा पाहिला आणि त्यांचं हसणं थांबलं. पेन काढला.

"डोळे मीट. मी पेनचं टोक लावीन. जेथी लागन तेथी दुसऱ्या हाताचं बोट ठेवजो."

मी डोळे मिटले. वाट पाहिली. डाव्या हातावर लागलं, बोट ठेवलं. मग पुन्हा वाट पाहिली. लय वेळ झाला. भट्टीवर उस्ताद हाका मारत होते. मी म्हटलं, "ताई, उजव्याचं सुरू करा ना."

"झालं, बाबू."

डोळे उघडले तर चट्ट्यावर आणि हाताच्या कडेला निळ्या शाईचे ठिपके होते. मोजले. नऊ.

त्या हळूच म्हणाल्या, "उद्या-परवा दवाखान्यात येजो. मी दारात उभी राहीन."

मी सांगितलं, हात पकला आहे म्हणून लागत नाही. त्यांनी यादीत माझं नाव लिहिलं.

२ फेब्रुवारी

नाव लिहायचं नव्हतं. लिहितो. कुष्ठरोग. आमच्याकडं महारोग म्हणतात, तेही कोणी मोठ्यानं म्हणत नाही.

डॉक्टर मॅडमनं कोपराच्या आतली नस चाचपली. दोरीसारखी जाड झाली आहे म्हणाल्या. मग समजावलं. याचा जंतू फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस घेतो. ताप नाही, दुखणं नाही, म्हणून शरीराला पत्ता लागत नाही. शंभरातल्या पंच्याण्णव लोकांच्या अंगात तो शिरला तरी शरीरच त्याला संपवते. उरलेल्यांमध्ये मी. तो नसेत घर करतो, आणि त्याला शरीराचा थंड भाग आवडतो.

मी विचारलं, "थंड आवडते तं माया हातात काहून आला? माया हात तं दिवसभर भट्टीत."

मॅडम हसल्या. "भट्टीत तू दोन वर्षांपासून आहेस. तो त्याच्या कितीतरी आधीपासून तुझ्यात आहे. लहानपणी कोणाच्या फार जवळ राहिलास का? वर्षानुवर्षं, एका घरात?"

"नाही."

"घरी कोण कोण असतं?"

"कोणी नाही. मी एकलाच."

त्यांनी कार्डावर तसंच लिहिलं. हे मी काहून बोललो? देसाईगंजचे पाहुणे डोळ्यापुढं आले. हे नाव गावात पोचलं तर दिपालीकडं कोण पाहील?

पहिला डोस समोर बसवून दिला. बाकी महिन्याच्या गोळ्यांचं पान हातात. बारा महिने घ्यायचं, फुकट आहे. आता माझ्यापासून कोणाला लागणार नाही, काम कर, सगळ्यांत जेव, पण गादी वापर, असं म्हणाल्या.

३ फेब्रुवारी

लघवी लाल झाली. घाबरलो. इंदुताई फोनवर म्हणाल्या, "गोळीचा रंग हाय. मीच सांगाचं इसरली. कपड्याले लागन तं साबण लाव." आणि स्वतःच हसल्या.

१७ फेब्रुवारी

स्टीलचा ग्लास वेगळा ठेवला, माझा. गोधडी घेऊन गच्चीवर झोपायला आलो. पोट्ट्यांना सांगितलं, खोलीत गरम होते. फेब्रुवारीत. कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, सांगता येत नाही.

गादी वापरतो आता. उस्ताद म्हणाले, "काहून गा, म्हातारा झाला का?" गिऱ्हाईक आलं तेव्हा एकदा लाजेनं गादी बाजूला ठेवली.

२० मार्च

होळी झाली. गेलो नाही. दिपालीनं पुरणपोळीचा फोटो पाठवला. लग्नाची बोलणी पुढं ढकलली. रंगाच्या दिवशी ढाबा बंद, सगळे गावाला. मी अन् भट्टी. कुत्र्याला दोन रोट्या दिल्या. दिवसभर आवाज काढला नाही, संध्याकाळी दूधवाल्याशी बोललो तर घसा बसलेला.

१८ एप्रिल

चट्टा लाल झाला आहे, फुगला आहे. हात सुजला. कोपरात असा ठणका की रोटी लावताना डोळ्यांत पाणी येते. इतकी वर्षं काही दुखत नव्हतं. गोळ्या सुरू केल्या आणि दुखायला लागलं. म्हणजे गोळ्याच करून राहिल्या. सरळ हिशेब आहे.

बंद केल्या. पान पिठाच्या पोत्यामागं टाकलं.

२९ एप्रिल

ठणका कमी नाही. आता करंगळी आणि शेजारचं बोट तळहाताकडं वळून गेलं, सरळ करता येत नाही. आज तीन रोट्या भट्टीत पडल्या, निखाऱ्यावर. उस्तादांनी सळीनं एक काढली, काळी झालेली, आणि माझ्यापुढं धरली.

"हे काय हाय बे?"

"निसटली."

"एक निसटते. तीन नाही निसटत."

मी हात पाठीमागं घेतला. हात गेला तर तंदूर गेला. तंदूर गेला तर मी कामठी रोडवरचा आणखी एक माणूस.

४ मे

इंदुताई गच्चीवर चढून आल्या. गुडघे धरून टाकीजवळ बसल्या. बेचाळीस डिग्रीत.

"महिन्याचा डोस घ्याले काहून नाही आला? किती फोन केले तुले?"

मी हात दाखवला. म्हटलं, "तुमच्या गोळ्यांनी केलं हे."

मला वाटलं त्या चिडतील. त्यांनी बाटलीतलं पाणी प्यायलं, तोंड पुसलं.

"तुमच्या घरी धानाची कोठी हाय ना? तिच्याखाली घूस असते. कोणाले दिसत नाही, ऐकू येत नाही. आतून पोखरून राहिली. बरोबर?"

"हौ."

"तिले औषध टाकलं. मेली. मंग काय होते?"

"वास सुटते."

"वास सुटला की घरचे सगळे उठतात. इतके दिवस झोपले होते, आता कुदळ घेऊन जमीन खोदतात. तुया शरीराचं तसं झालं. जंतू मरून पडले, अन् आता कुठं शरीराले पत्ता लागला. ते तुटून पडलं त्याईच्यावर. पण घूस मेली कुठं? तुया नसेत. मंग खोदतात काय?"

मी कोपराकडं पाहिलं.

"नसच खोदून राहिले ना बाबू. दुखते ते औषधानं नाही. तुयं शरीर भांडून राहिलं म्हून. दोन-तीन महिन्यांत अशी सूज कोणाकोणाले येते, मॅडमनं सांगतलं होतं तुले. तू आयकलं नसन."

मग खूप रागावल्या. सतरा दिवस मी घालवले म्हणाल्या. पोत्यामागचं पान त्यांनीच शोधून काढलं, पीठ झटकलं. त्यांच्या स्कूटीवर मागं बसून मोठ्या दवाखान्यात गेलो. रामदासपेठेत सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाल्या, "घट्ट धर, पडशीन." कोणाला तरी धरून लय दिवस झाले होते.

डॉक्टरांनी आणखी गोळ्या दिल्या, भांडण शांत करायच्या. ताईंच्या भाषेत, खोदणाऱ्याचा हात धरायचा. आणि घूस मारायचं औषधही चालूच ठेवायचं. बोटांना पट्टी बांधली.

२१ मे

सूज उतरली. ठणका नाही. व्यायामवाले सर रोज बोटं सरळ करायला लावतात, तेल लावून, मांडीवर हात ठेवून.

आज विचारलं, बोटं पूर्ण येतील का. त्यांनी विचारलं, हात सुन्न कधीपासून आहे? मी म्हटलं, दोन वर्षं तरी. त्यांनी करंगळी सरळ करून पाहिली.

"करंगळीशेजारचं येईल बहुतेक. करंगळीचं सांगत नाही. स्पर्श जो गेला तो फारसा परत येत नाही. नस पहिल्या सहा महिन्यांत ऐकते, नंतर नाही. दोन वर्षांपूर्वी आला असतास तर आपली भेट पाच मिनिटांची झाली असती."

दोन वर्षांपूर्वी मी काय करत होतो? लोकांना हात दाखवत होतो.

२४ मे

उस्तादांना सांगितलं. भट्टी झाकली होती, ते खोलीतल्या खाटेवर बिडी ओढत होते. रोगाचं नाव घेतलं. वाटलं, उठून जातील. ते उठले, दार लावलं, परत बसले. पट्टी सोडायला लावली आणि करंगळीखालचा फोडाचा डाग लय वेळ पाहिला.

मग विचारलं, "ते बाई कशी पाह्यते? मले दाखव."

मी म्हटलं, डोळे मिटा. हिशेबाच्या वहीचा पेन घेतला. उस्तादांचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या चटक्यांनी भरले आहेत, कातडं जाड, केस नाहीत. मला वाटलं यांना काही लागणार नाही. टोक नुसतं टेकवलं. लगेच बोट आलं. दुसरीकडं टेकवलं. बोट आलं. अकरा वेळा केलं, अकरा वेळा बरोबर.

"उस्ताद, तुमाले तं सगळं लागते."

डोळे मिटलेलेच होते त्यांचे.

"लागते बे. रोज लागते. तीस साल झाले, एकेक रोटीले चटका बसते."

"मंग पकते म्हणत होते ते?"

"माया उस्तादनं मले सांगतलं, मी तुले सांगतलं. पोट्ट्यासमोर हाय हाय करन तो उस्ताद कायचा?" बिडी विझली होती, ती तशीच धरून होते. "पकत-बिकत काही नाही गा. माणूस चूप राह्याले शिकते. तू चूप नव्हता रे. तुले लागतच नव्हतं. अन् मी लोकाईले दाखवत होतो."

मी पेनचं टोपण लावलं. ते म्हणाले, भट्टीसमोर आता उभं राहू नको, कणिक आणि भाजीचं सालन बघ, मालकाला मी पाहतो. आणि गोधडी खाली आण. मी म्हटलं, वर बरं आहे. म्हणाले, "विचारून नाही राहिलो."

२ जून

दवाखान्यात गेलो. इंदुताई बाहेर बाकावर होत्या. म्हटलं, "ताई, कार्डावर खोटं लिहिलं आहे. मायी माय हाय घरी. बहीण हाय. अन् काका, त्याची बोटं..." मी माझी करंगळी पुढं केली, त्यांना कळलं.

म्हणाल्या, घरच्यांना तपासतात. ज्यांना नाही त्यांना एक कॅप्सूल, एकदाच. ज्यांना असेल त्यांना उपचार. पण तू सही केल्याशिवाय तुझ्या घरी कोणी जाणार नाही.

"गाडी जाईन तं गावाले कळन?"

"सिस्टर साध्या कपड्यात जाईन, पण गावच हाय बाबू. कळू शकते. खोटं नाही सांगत."

"लग्न मोडलं तं?"

"मोडू शकते. ते बी खोटं नाही सांगत."

कागद मांडीवर घेऊन बसलो. दिपाली शिलाई मशीनवर सुईत दोरा ओवते तेव्हा ओठ आत घेते. सर म्हणाले होते, पाच मिनिटांची भेट.

उजव्या हातानं पेन धरवत नव्हता, ही डायरीपण महिनाभर डाव्यानंच गिरवतो आहे. डाव्या हातानं सही केली, पोरासारखी. ताई म्हणाल्या, चालते.

११ जून

घरून फोन नाही. मी केला, माय उचलत नाही.

१४ जून

नाही.

१९ जून

आज दुपारी दिपालीचा फोन आला. मशीनचा आवाज येत होता मागं, मग तो थांबला.

"सिस्टर येऊन गेली."

"हौ."

"मायनं कॅप्सूल घेतली. पण तुयं नाव काढलं की उठून जाते. काकाचं कार्ड बनवलं. सिस्टरनं त्याले इचारलं किती साल झाले, तं तो म्हणे, मले काय मालूम, कोणी इचारलंच नाही."

"देसाईगंजचे?"

"त्याईचा फोन नाही. येईन नाहीतं नाही येणार." मग म्हणाली, "दादा, माया पाठीवर चट्टा निघाला एक. खांद्याच्या मागं. मले दिसतच नव्हता. एवढासाच. हाताले काही नाही, सिस्टरनं दोनदा पाह्यलं, दहाही बोटं. सहाच महिने घ्याचं हाय."

मी बाहीनं डोळे पुसले. ती वाट पाहत होती. मग म्हणाली, "रडून राहिला का गा?"

"नाही."

"मी रडली काल. आज नाही. लघवी लाल होते म्हणून कोणी सांगतलं नव्हतं, भेव वाटला."

"कपड्याले लागन तं साबण लाव."

ती हसली, नाकातून. खूप दिवसांनी ऐकलं.

"तू किती वाजता घेते गोळी?"

"तीन वाजता. भट्टी झाकली की."

"इथं माय असते समोर, एकलीले घेववत नाही. मी बी तीनलेच घेत जाईन. तू मिस कॉल देत जाय."

म्हटलं, देत जाईन. तीन वाजलेच होते. फोन कानाला तसाच ठेवला. पानातून गोळी काढायला उजव्या हाताला वेळ लागतो, फॉइल फाटत नाही. तिकडं पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. "थांब गा," ती म्हणाली, "मले काढू दे." मग आम्ही दोघांनी घेतली.